फिरतं तारांगण गावात बोलावलं, पहिल्या उपग्रहांचा शो पाहिला, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, बोलवाच. गावच्या शाळेत मोठा हॉल असेल किंवा बाजूला समाजमंदिर असेल आणि पन्नास-साठ लेकरं जमत असतील तर हे फुग्यातलं तारांगण एकदा तरी गावात आलं पाहिजे, फक्त त्यांच्याकडे पाच-सहा शो असतात त्यातला पहिल्या उपग्रहांचा, म्हणजे १९५७ पासून पुढच्या वीसेक वर्षांचा जो आहे तोच मागून घ्या. आपण काही बोललो नाही तर ते ब्लॅक होलवाला लावून देतात, तो दिसायला लय भारी आहे पण पोरांच्या हाती काही लागत नाही.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्ह्याच्या पुढचं खेडं. नागपूरला रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे, चांगलंच आहे, पण इथून साठ पोरं न्यायची म्हणजे गाडीभाडं, जेवणखावण, जबाबदारी, आणि पोरीला एवढ्या लांब पाठवायला अजूनही काही घरी मागेपुढे पाहतात. शाळा व्यवस्थापन समितीत विषय निघाला तेव्हा आमच्या मुख्याध्यापक सरांनीच म्हटलं की मग तारांगणच इकडे आणू. एका लेकरामागे ४० रुपये, डिझेल वेगळं, ज्यांच्या घरून जमत नव्हतं त्यांचं समितीने भरलं. मला हा पैसा अजिबात जास्त वाटला नाही.

वस्तू कशी आहे ते सांगतो कारण बऱ्याच जणांनी पाहिली नसेल. जाड काळ्या कापडाचा मोठा घुमट, खाली ब्लोअर लावला की दहा-पंधरा मिनिटात फुगून उभा राहते, बाजूला एक चेनवालं दार, त्यातून वाकून आत शिरायचं, आत सतरंज्या आणि मधोमध प्रोजेक्टर ज्याचं चित्र डोक्यावर सगळीकडे पसरते. एका वेळी तीसेक लेकरं बसतात. आत गेलं की चांगलाच अंधार, आणि पहिल्या मिनिटाला जो कल्ला होते तो होऊ द्या, मग आपोआप शांत होतात.

सुरुवातीला त्यांनी हिंदीतली रेकॉर्डिंग लावली, एकदम पुस्तकी हिंदी, तिसरी-चौथीची पोरं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होती. सरांनी बाहेरून सांगितलं की आवाज बंद करा आणि तुम्हीच बोला. टीममधली एक ताई होती, अमरावतीकडची, तिने माइक घेतला आणि आपल्या भाषेत सांगायला लागली, तिथून पुढे शो एकदम वेगळाच झाला. म्हणून पहिली सूचना हीच की रेकॉर्डिंग नको, माणूस बोलला पाहिजे.

आता शोबद्दल. सुरुवात मला फार आवडली. पूर्ण अंधार, एक चित्र नाही, आणि फक्त तो आवाज, बीप बीप बीप, जो ४ ऑक्टोबर १९५७ नंतर जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी आपापल्या घरी बसून ऐकला होता. स्पुटनिक, रशियाने सोडलेला जगातला पहिला उपग्रह. मग हळूहळू वर तो चकचकीत गोळा येतो, मागे चार लांब काड्या. ५८ सेंटीमीटरचा, वजन ८३.६ किलो, म्हणजे क्विंटलही भरत नाही, आणि कझाकस्तानच्या माळरानावरून सुटून ९६ मिनिटात पृथ्वीला एक फेरी. ताईने हेही सांगितलं की तो बीप नुसता बीप नव्हता, गोळ्याच्या आतलं तापमान किंवा दाब बिघडला तर बीपची लांबी बदलणार अशी सोय केली होती, म्हणजे मशीन आपली तब्येत स्वतः सांगत होती. हे बनवणाऱ्यांचा मुख्य माणूस सर्गेई कोरोल्योव्ह, त्याचं नाव रशियाने जगापासून लपवून ठेवलं होतं, १९६६ ला तो वारला तेव्हा लोकांना कळलं की हे सगळं ह्याने केलं. हे ऐकून आमचे सर, जे मागे उभे होते, ते बराच वेळ त्याच्याबद्दलच बोलत होते नंतर.

पण इथेच शोमध्ये दोन चुका आहेत आणि त्या त्यांनी दुरुस्त कराव्यात म्हणून लिहितो. पडद्यावर येते की स्पुटनिक तीन आठवड्यात संपला. तसं नाही, तीन आठवड्यात बॅटरी संपली आणि आवाज बंद झाला, गोळा फिरतच होता, तो ४ जानेवारी १९५८ ला खाली येऊन हवेत जळाला. दुसरं म्हणजे चित्रात लोक अंगणात उभे राहून तो गोळा पाहतात असं दाखवलं. लोकांनी संध्याकाळी आकाशात जे सरकताना पाहिलं ते बहुतेक त्याच्या मागेमागे फिरणारं रॉकेटचं मोठं धूड होतं, तो गोळा इतका लहान की साध्या डोळ्याला दिसणं कठीणच. लहान गोष्टी आहेत पण पोरं जे पहिल्यांदा ऐकतात तेच डोक्यात बसते.

सगळ्यात चांगला भाग कोणता म्हणाल तर तो शोमध्ये नव्हताच, पाचवीतल्या एका पोरीने अंधारात जोरात विचारलं, "ताई, मंग थो खाली काहून नाई पडत?" आणि ताईने शो थांबवला. खरंच थांबवला. तिने सांगितलं की तो सारखा पडतच आहे बाई. मग तिने न्यूटनची ती तोफ समजावली, उंच डोंगरावर तोफ ठेवली, गोळा आडवा सोडला, तो थोडा पुढे जाऊन पडला, जोर वाढवला तर अजून पुढे, आणि एवढा जोर लावला की सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेग आला तर गोळा जेवढा खाली येते तेवढीच त्याच्याखाली गोल जमीनही वाकून खाली जाते, मग जमीन त्याला भेटतच नाही, पडता पडता तो फेरीच मारते. न्यूटनने हे तीनशे वर्षांआधी कागदावर काढून ठेवलं होतं, फक्त तेवढा जोर कोणाकडे नव्हता, तो १९५७ ला आला. मोठी पोरं सोडा, मागे बसलेल्या अंगणवाडीच्या मदतनीस बाई म्हणाल्या की मला आज समजलं. शाळेत आपण गुरुत्वाकर्षण नाही म्हणून उपग्रह तरंगते असं ऐकत आलो, आणि ते चूक आहे, तिथेही ओढ असतेच, जवळून फिरणाऱ्या उपग्रहांवर तर जवळपास तेवढीच. ही दहा मिनिटं सगळ्या पैशाची वसुली आहे.

लायकाचा भाग. ३ नोव्हेंबर १९५७, स्पुटनिक २, पाचशे किलोच्या वर वजन आणि आत मॉस्कोच्या रस्त्यावरची एक कुत्री. शोमध्ये म्हटलं की ती आठवडाभर जगली आणि मग शांतपणे गेली. तेव्हा रशियाने साधारण असंच सांगितलं होतं, पण २००२ मध्ये त्यांच्याच शास्त्रज्ञाने सांगितलं की ती काही तासातच उष्णतेने आणि घाबरून मेली. तिला परत आणायची सोयच नव्हती, हे पाठवतानाच माहीत होतं. एका पोट्ट्याने विचारलं "वापस आली का थे?" तर ताई क्षणभर गप्प झाली आणि मग खरं सांगितलं, पडद्यावरच्या ओळीला सोडून. काही लेकरं रडली. मला वाटते तिने बरोबर केलं. आपली लेकरं गायी-बैलांमध्ये वाढतात, जनावराचं मरण त्यांना नवीन नाही, आणि खोटं गोड सांगून उद्या त्यांना कळलं तर ते आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. लगेच नंतर तिने बेल्का आणि स्ट्रेल्काचं सांगितलं, ऑगस्ट १९६० मध्ये त्या दोघी फिरून जिवंत परत आल्या, त्याने जरा जीव हलका झाला.

अमेरिकेचा भाग वेगात गेला पण त्यात एक जागा लय सुंदर होती. आधी त्यांचं व्हॅनगार्ड रॉकेट, ६ डिसेंबर १९५७, टीव्हीसमोर जेमतेम मीटरभर उचललं आणि जागेवरच फुटलं, आणि छोटा उपग्रह बाजूला फेकला गेला तो पडल्या पडल्या बीप देत होता. मग ३१ जानेवारी १९५८ ला एक्सप्लोरर १ गेला, १४ किलोचा. त्यात जेम्स व्हॅन ॲलन नावाच्या आयोवाच्या प्राध्यापकाने किरण मोजायचं यंत्र ठेवलं होतं. आणि झालं काय की उपग्रह उंच गेला की यंत्र शून्य दाखवायचं. शून्य! कोणालाही वाटेल मशीन बिघडली. मार्चमध्ये एक्सप्लोरर ३ टेप रेकॉर्डर घेऊन गेला, सगळी नोंद एकसलग मिळाली, तेव्हा समजलं की तिथे किरण नाहीत असं नव्हतं, एवढे होते की यंत्र मोजूच शकत नव्हतं, गुदमरून गप्प होत होतं. पृथ्वीभोवती असे किरणांचे पट्टे आहेत हे माणसाला पहिल्यांदा कळलं, आजही त्यांना व्हॅन ॲलन पट्टेच म्हणतात. पहिल्या उपग्रहांचा काळ मला म्हणूनच आवडते, चौदा किलोच्या डब्याने आपल्याच घराभोवतीची एवढी मोठी गोष्ट दाखवली जी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. यंत्र शून्य दाखवते तेव्हा काय विचार करायचा, हे पोरांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि शोमध्ये त्याला मोजून दोन मिनिटं दिली.

व्हॅनगार्ड १ मात्र नीट दाखवला. १७ मार्च १९५८, दीड किलोचाही नाही, सूर्यप्रकाशावर वीज बनवणारा पहिला उपग्रह, आवाज १९६४ ला बंद पडला पण तो आजही वर फिरून राहिला आहे, सगळ्यात जुना. आमच्याकडे आता शेतात सोलर पंप येऊन राहिले, त्याच प्लेटा. पोरांना हे जोडून दाखवल्यावर एकदम पटलं.

मोबाइलच्या नकाशाची गोष्ट शोमध्ये नाहीच आहे आणि हे मला खटकलं, कारण ती थेट त्या पहिल्या बीपमधून निघते. रस्त्यावरून ट्रक हॉर्न वाजवत येते तेव्हा आवाज बारीक आणि पुढे निघून गेला की जाड होते ना, तसंच अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत ग्वायर आणि वाइफेनबाख या दोन तरुण पोरांनी स्पुटनिकच्या बीपचा फरक मोजला आणि त्यावरून तो कुठून कसा चालला हे काढलं. मग त्यांच्या साहेबाने उलटं विचारलं, उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे हे निघेल का? निघते. त्यातून ट्रान्झिट नावाचे उपग्रह झाले, समुद्रातल्या पाणबुड्यांना जागा सांगणारे, आणि पुढे जीपीएसचा रस्ता तिथून सुरू झाला. आज आपल्या गावचा पोरगा मोबाइलवर लोकेशन टाकते, त्याची आजी म्हणजे तो बीप. हे शोमध्ये पाहिजेच.

संध्याकाळी आम्ही एक बॅच मोठ्या माणसांसाठी ठेवली होती, हे पण तुम्ही करा, पैसे थोडे जास्त गेले तरी चालेल. शेतातून आलेली माणसं, बाया, दोन-चार म्हातारे. त्यांना रॉकेटमध्ये फारसं काही वाटलं नाही पण टायरॉस १ लागला तेव्हा सगळे सरळ होऊन बसले. १ एप्रिल १९६०, ढगांचे फोटो वरून पाठवणारा पहिला हवामान उपग्रह, ७८ दिवसच चालला पण त्यातच हजारो फोटो आले आणि वादळाचं ते गोल चक्र वरून दिसलं. त्याआधी समुद्रावरचं वादळ बऱ्याचदा एखादं जहाज त्यात सापडलं तरच कळायचं. आमच्याकडे सोयाबीन काढायच्या वेळेस माणूस दिवसातून दहा वेळा मोबाइलवर ढग पाहते, म्हणून त्यांना हे लगेच समजलं. एका काकाने विचारलं की मग अजून अंदाज चुकते काहून, तर ताई म्हणाली ढग दिसणं वेगळं आणि तो कुठे बरसेल हे सांगणं वेगळं, आणि हे उत्तर तिने टाळाटाळ न करता दिलं.

त्याच बॅचमध्ये सिंदेवाहीचा विषय निघाला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, आपल्या विदर्भात जवळपास सगळ्यांनीच आकाशात त्या जळत्या रेघा पाहिल्या होत्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी रिंग येऊन पडली, चिनी रॉकेटचा तुकडा असल्याचं जाणकारांनी सांगितलं. हे पहिल्यांदा झालं का असं कोणीतरी विचारलं. नाही, १९६२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मॅनिटोवॉक नावाच्या गावात भर रस्त्यावर नऊ किलोचा तुकडा सापडला होता, रशियाच्या स्पुटनिक ४ चा. ताईला हे पाठ होतं, तिला मानलं.

एको १ पाहून पोरं लय खुश झाली कारण तोही फुगाच, ३० मीटरचा चकचकीत फुगा ऑगस्ट १९६० मध्ये वर सोडला, खालून रेडिओ लहरी मारायच्या आणि त्या आदळून दुसरीकडे जायच्या, आणि तो खरंच साध्या डोळ्याला दिसायचा. टेलस्टार चांगला होता पण त्यात महत्त्वाचं गाळलं. जुलै १९६२ मध्ये तो समुद्रापलीकडे टीव्हीचं चित्र पोचवून आला हे दाखवलं, पण तो सुटायच्या एकच दिवस आधी अमेरिकेनेच अवकाशात अणुबॉम्ब फोडला होता आणि त्याच्या किरणांनी टेलस्टारचे भाग खराब झाले, काही महिन्यात तो कायमचा बंद पडला, हे कुठेच नाही. विज्ञान सांगायचं तर हेही सांगा. सिनकॉमवर, म्हणजे १९६४ पासून आकाशात एकाच जागी थांबल्यासारखे दिसणारे जे उपग्रह आले त्यावर, छान ॲनिमेशन आहे. छतावरच्या छत्र्या एकदा लावल्या की फिरवाव्या का लागत नाहीत हे पोरांना त्यातून कळलं.

आता खरी तक्रार. भारताचा भाग शेवटी घाईघाईत, पाच मिनिटात. केरळातलं थुंबा, तिथून २१ नोव्हेंबर १९६३ ला सुटलेलं पहिलं रॉकेट, चर्चमध्ये ऑफिस, सायकलवर रॉकेटचा भाग, तो फोटो. मग उडी मारून भारताचा पहिला उपग्रह आर्यभट, १९ एप्रिल १९७५, ३६० किलो, रशियाच्या रॉकेटवरून. मग एकदम चांद्रयान. मधलं सगळं गायब. बेंगळुरूजवळ पीन्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये शास्त्रज्ञ यू. आर. राव आणि त्यांच्या तरुण पोरांनी आर्यभट बनवला हे नाही. आणि सगळ्यात वाईट वाटलं ते साइट (SITE) नावाच्या प्रयोगाचं, त्याचा एक शब्द नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, पूर्ण एक वर्ष, अमेरिकेचा एटीएस ६ उपग्रह भारताने वापरायला घेतला आणि सहा राज्यातल्या जवळपास २,४०० खेड्यात थेट उपग्रहावरून टीव्ही दाखवला, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या छत्र्या बनवून. शेती, आरोग्य, शाळेच्या पोरांसाठी कार्यक्रम. विक्रम साराभाईंचं हे स्वप्न, ते १९७१ ला गेले, त्यांना पाहायला मिळालं नाही. महाराष्ट्र त्या सहा राज्यात नव्हता, पण रायपूरकडची गावं होती, म्हणजे आपल्या गोंदियाच्या पलीकडेच. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणात हे आधी कोणी केलं नव्हतं, आणि ते खेड्यासाठी केलं होतं. खेड्यातल्या शाळेत येऊन तुम्ही हेच दाखवत नाही म्हणजे काय. ॲपल नावाच्या भारतीय उपग्रहाचा बैलगाडीवरचा फोटो दाखवला पण एका सेकंदाला, पोरं हसली आणि चित्र पुढे गेलं. धातूच्या गाडीने अँटेनाच्या चाचणीत अडथळा येईल म्हणून मुद्दाम लाकडी बैलगाडी घेतली होती, विचार करून घेतली होती, हे सांगितलं असतं तर हसली नसती.

सोयीचं थोडक्यात. दुपारी लाइट गेली, ब्लोअर थांबला, घुमट हळूहळू खाली बसायला लागला आणि लहान पोरं ओरडली. कापड हलकं आहे, इजा होत नाही, पण त्यांच्याकडे जनरेटर नव्हता, ग्रामपंचायतीचा आणेपर्यंत वेळ गेला आणि मग शेवटच्या बॅचचे प्रश्न-उत्तर कापले. ही चूक त्यांची, खेड्यात येता तर लाइटचा भरवसा धरून कसं चालेल. प्रोजेक्टर एका बाजूला धूसर होता, डावीकडे बसलेल्यांना अक्षरं नीट दिसली नाहीत. दार बुटकं आहे, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना आत जायला त्रास होते, दोन माणसं धरायला ठेवा. मार्च ते जून अजिबात नको, आत हवा खेळत नाही, थंडीतच बोलवा. चपला बाहेर काढायला लावतात ते बरोबर आहे.

बोलायला माणूस चांगला, विषय चांगला, तयारी कमी. पाचपैकी चार देतो आणि तो चौथा फक्त त्या ताईचा आहे. आम्ही दिवाळीनंतर परत बोलावणार आहोत, या वेळी आधीच फोनवर सांगितलं आहे की जनरेटर सोबत, रेकॉर्डिंग नाही, बॅच मागे प्रश्नांना वीस मिनिटं आणि भारताच्या भागात साइट पाहिजे, फोटो मिळत नसतील तर नुसतं तोंडाने सांगा. त्यांनी हो म्हटलं आहे. तुमच्याकडे आले तर तुम्हीही हेच मागा, दोन-चार गावांनी मागितलं की ते शोमध्येच टाकतील.